खुनी माळीच

रहस्यकथेचं पुस्तक मी मागून निवडतो. शेवटचं पान वाचत नाही, जागेवर आहे ना ते नुसतं चाचपून बघतो. ही सवय अनुभवातून लागली. एकदा दोनशे बारा पानं मान मोडून वाचल्यावर सगळे संशयित दिवाणखान्यात जमले, गुप्तहेरानं घसा साफ केला, "खुनी याच खोलीत आहे" म्हणाला, आणि पुढे एकदम मागचा पुठ्ठा. वाचनालयाच्या काउंटरवरच्या बाईंना दाखवलं तर त्यांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाकीचं सगळं आहे ना पण?" त्यांच्या दृष्टीनं हिशेब बरोबर होता. एवढ्या मोठ्या पुस्तकात चार पानांची घट म्हणजे काहीच नाही.

तेव्हापासून मी मागून सावध असतो. घात झाला तो पुढून.

पुस्तक होतं अगाथा ख्रिस्तीचं ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’, १९२६ सालचं. आजवर कसं कोण जाणे, वाचायचं राहून गेलेलं. शनिवारी संध्याकाळी चहाचा कप घेऊन बसलो, सोळा पानं झाली आणि सतराव्यावर आलो. तिथे एका नावाच्या डोक्यावर पेन्सिलीचा बारीक बाण होता. बाण समासात गेला होता आणि समासात, मोडी गिरवलेल्या हाताचं वाटावं अशा तिरक्या अक्षरात, एकच शब्द होता: ‘खुनी.’ पूर्णविरामासकट.

त्या पूर्णविरामाचा मला जास्त राग आला. उद्गारचिन्ह असतं तर निदान एखाद्या पोराचा वात्रटपणा म्हणून सोडून दिलं असतं. हा माणूस शांतपणे, टोक केलेल्या पेन्सिलीनं, पुढच्या प्रत्येक वाचकाच्या ताटात माती कालवून गेला होता.

"मग द्या परत," बायको म्हणाली. पण रविवार-सोमवार वाचनालय बंद, आमच्या वर्गणीत एका वेळी पुस्तक मिळतं एकच, आणि घरात न वाचलेलं असं फक्त पंचांग उरलं होतं. म्हणून वाचत राहिलो, चरफडत.

चाळीस-पन्नास पानांनंतर माझ्या लक्षात आलं की आपण चहा विसरलोय.

खुनी माहीत असल्यावर ते पुस्तक वेगळंच दिसायला लागलं. पत्त्यांचा जादूगार समोरच्यांना एका हातात गुंतवतो आणि आपण बाजूला बसून त्याचा दुसरा हात बघतोय, तसं. ख्रिस्तीबाई कुठेही खोटं बोलत नाहीत. एका अगदी साध्या, कारकुनी वाक्यात थोडासा वेळ गडप झालाय, आणि ते वाक्य भर उजेडात, सगळ्यांच्या समोर ठेवलेलं आहे. नाव माहीत नसतं तर मी त्यावरून तसाच पुढे गेलो असतो, जसे जगभरचे वाचक गेले. पुस्तक निघालं तेव्हा काही जणांनी ही फसवणूक आहे म्हणून ओरड केली होती. डोरोथी सेयर्स यांनी, ज्या स्वतः याच धंद्यातल्या, ख्रिस्तीबाईंची बाजू घेतली. मीही आता घेतो. इतक्या प्रामाणिकपणे कुणी फसवत असेल तर आपण होऊन फसावं.

त्याच १९२६ सालच्या डिसेंबरात ख्रिस्तीबाई स्वतः अकरा दिवस नाहीशा झाल्या होत्या. गाडी रस्त्याच्या कडेला सापडली, पोलिसांनी आणि हौशी लोकांनी रानं पालथी घातली, आणि बाई हॅरोगेटच्या एका हॉटेलात निघाल्या. खोली घेतली होती ती नवऱ्याच्या मैत्रिणीचं आडनाव लावून! पुढे आत्मचरित्र लिहिलं, चांगलं जाडजूड, पण त्यात या अकरा दिवसांबद्दल अवाक्षर नाही. तेवढी पानं नसलेलं पुस्तक. आमच्या काउंटरवरच्या बाई म्हणतील, बाकीचं सगळं आहे ना पण?

त्या शनिवारनंतर माझी मतं जरा हलली. खुनी कोण, हे कळल्यावर ज्या पुस्तकातली हवाच जाते ते पुस्तक मुळात बेताचं, असं मी आता म्हणतो. हे काही मलाच सुचलं अशातला भाग नाही. ऑस्टिन फ्रीमन नावाच्या इंग्रज लेखकानं १९१२ साली ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहात असल्याच गोष्टी लिहिल्या: आधी गुन्हा डोळ्यांसमोर होतो, गुन्हेगार कोण ते कळतं, आणि मग शोध घेणारा त्याच्यापर्यंत कसा पोचतो ते बघत बसायचं. जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांच्या २००५ सालच्या ‘सस्पेक्ट एक्स’च्या कादंबरीत तर खून पहिल्याच प्रकरणात होतो. कुणी केला, कशानं केला, सगळं आपल्याला ठाऊक. शेजारचा गणिताचा मास्तर तो लपवायला मदत करतो हेही ठाऊक. तरी शेवटी कळतं की आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं. रात्री दोनला मी ते पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पाणी प्यायलो.

आमच्या घरात हा नाद नानांचा, म्हणजे वडिलांचा. नानांचे दैवत बाबूराव अर्नाळकर. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या या माणसानं. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. पण चव्हाण नावानं काळापहाड आणि झुंजार हे त्यांचे नायक शोभले नसते, असं नाना म्हणायचे. का शोभले नसते ते विचारलं की रागवायचे. पुस्तकं दुकानातून भाड्यानं यायची, रोजाच्या हिशेबानं, म्हणून एका रात्रीत संपवावीच लागत. ऑफिसच्या पिशवीत डब्याच्या खाली ती लपलेली असत आणि लोणच्याचं तेल खुनाच्या प्रकरणापर्यंत झिरपलेलं असे. आई म्हणायची, "अहो, मुलांच्या हाती लागतील ती खुनाखुनीची पुस्तकं." ती लागलीच. आईला वाटायचं तसं आम्ही कुणी बिघडलो नाही. एक भाऊ तर बँकेत लागला.

आता खरं बोलायचं तर त्या कथांत ओळखायचं असं काही नव्हतंच. खलनायक त्याच्या हसण्यावरून कळायचा. तिथे मजा होती वेगाची: मोटार, पिस्तूल, वेषांतर, दिवा विझला, दिवा लागला, प्रेत गायब. पुढे कॉलेजात सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास, फिरोज इराणी आणि दारा बुलंद भेटले. ते बोलायला चटपटीत होते. आमच्यातले निम्मे तेव्हा त्यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न करत, आणि मुली हसत. त्याबद्दल अधिक नको.

१९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्यानं रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. गुप्त खोली किंवा चोरवाट एकापेक्षा जास्त नको. कुणाला माहीत नसलेलं विष नको. जुळे भाऊ आधी कल्पना दिल्याशिवाय आणायचे नाहीत. गुप्तहेरानं स्वतः गुन्हा करायचा नाही. नानांच्या आवडत्या कुठल्याही पुस्तकाला हे लावून बघा. तळघर, तळघराला भुयार, भुयाराला फिरता दगड, आणि दगडामागे दुसरं तळघर! नॉक्ससाहेबांचा कोटा तिसऱ्या पानावर संपतो. जुळ्यांची अट आपल्या मालिकांना लावली तर संध्याकाळी सातनंतर टीव्हीवर फक्त हवामान उरेल. पण नॉक्ससाहेब सांगतात ते बुद्धिबळाचे नियम, आणि नाना बघायचे ती कुस्ती.

विषावरून आठवलं. ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम करत होत्या, आणि १९२० साली आलेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतलं विष इतकं पक्कं होतं की औषधविक्रेत्यांच्या नियतकालिकानं तिचं कौतुक केलं. परीक्षणं खूप छापून येतात. ज्याच्या धंद्यातली गोष्ट आहे त्यानं मान डोलावली तर तिची किंमत वेगळी. याच्या उलट गंमत इन्स्पेक्टर गणेश घोटे यांची. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकानं १९६४ साली मुंबईच्या सीआयडीतला हा मराठी इन्स्पेक्टर काढला, आणि लेखकानं मुंबई पाहिली ती त्यानंतर दहा वर्षांनी. सगळं नकाशे आणि पुस्तकं वाचून. आपल्यासारख्या माणसाला मधूनमधून खडे लागतात, माणसांची बोलणी तर फारच. पण घोटे स्वतः मला आवडतो. साहेबाला घाबरतो, घरी वेळेवर पोचत नाही म्हणून बायकोची बोलणी खातो, आणि गुन्हा उलगडतो तोसुद्धा जरा संकोचून. असा माणूस मी प्रत्येक सरकारी कचेरीत पाहिलाय. व्हायोलिन वाजवणारा एकही नाही.

होम्सबद्दल एवढंच म्हणतो की त्याच्या कितीतरी गोष्टींत खूनच नाही. लाल केसांच्या मंडळाची गोष्ट घ्या: एका माणसाला रोज चार तास खोलीत बसून ज्ञानकोश उतरवून काढायचे पैसे मिळतात. का? बस, एवढ्यावर मी बसून राहतो. आजकालच्या लेखकांना हे सांगायला हवं. पहिल्या पानावर बाईचं प्रेत, तेही सविस्तर, तिसऱ्यावर दुसरं, आणि मग शोध घेणाऱ्या पोलिसाचा घटस्फोट, त्याची दारू, त्याची न बोलणारी मुलगी, अशी पाचशे पानं. शेवटी खुनी सापडतो तो लहानपणी कुणीतरी कोंडून ठेवलेला. लहानपणी अडगळीच्या खोलीत आम्हालाही कोंडत असत.

तर ते पेन्सिलवाले.

त्या अ‍ॅक्रॉइडनंतर त्यांचं अक्षर मला दुसऱ्या पुस्तकांत दिसायला लागलं. दर वेळी खुन्याचं नाव नसे. एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘रात्रभर पाऊस. मग बूट कोरडे कसे?’ आणि खरंच, लेखक ते साफ विसरला होता. एके ठिकाणी नुसतं ‘अरेरे.’ एकदा खुन्याच्या कबुलीजबाबाच्या पानावर बेरीज मांडून दाखवली होती की या माणसाला स्टेशनावरून घरी यायला सव्वा तास हवा, चाळीस मिनिटांत जमणार नाही. मी ती बेरीज तपासली. बरोबर होती. मग मी पुस्तकं मागूनही नाही आणि पुढूनही नाही, समास बघून घ्यायला लागलो.

कळस झाला एका जाड इंग्रजी कादंबरीत. सुरुवातीलाच बाण आणि ‘खुनी माळी.’ मी आता जाणकारासारखा निवांत वाचत होतो. माळ्याची कात्री, माळ्याचा खोकला, माळ्याची खोलीची किल्ली, एकेक दुवा जुळत होता. शेवटच्या प्रकरणात खुनी निघाली धाकटी सून! मी हबकलो. पान उलटलं तर खाली तेच तिरकं अक्षर: ‘नाही. खुनी माळीच. लेखक चुकला आहे.’

या माणसाला शोधायचंच असं मी त्या रात्री ठरवलं. पद्धत सोपी होती. आमच्या वाचनालयात पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी डकवलेली असते आणि तारखेसमोर सभासद क्रमांक. पेन्सिलवाली पाच पुस्तकं काढायची आणि पाचांत समान असलेला क्रमांक शोधायचा. शेरलॉक होम्सची गरजच नाही. रद्दी कागद आणि पेन्सिल घेऊन मी गुरुवारी दुपारी गेलो, गर्दी नसताना, आणि कपाटाआड स्टुलावर बसून सगळे क्रमांक उतरवून घेतले.

पाचही पुस्तकांत समान क्रमांक एकच निघाला. माझा.

थोडा वेळ सुचेनासं झालं. गेल्या वर्षी वाचलेलं तुम्हाला आठवत नाही, असं बायको म्हणते ते खरं आहे, पण इतकं नाही. मग पाहिलं तर माळ्याच्या पुस्तकातली चिठ्ठी जाड लागत होती. भरलेल्या जुन्या चिठ्ठीवर नवी डकवलेली होती. म्हणजे माझ्या आधीची सगळी माणसं खालच्या थरात. मी नखानं कोपरा हळूच उचलला. थोडं निघालं. आणखी थोडं ओढलं तर टर्रकन आवाज झाला.

काउंटरवरच्या बाई कपाटाच्या या बाजूला कधी आल्या मला कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातली अर्धी फाटलेली चिठ्ठी पाहिली. मांडीवर उघडी पडलेली पाच पुस्तकं पाहिली, पाचही पेन्सिलीच्या पानांवर उघडी. मग माझ्या कानावरची पेन्सिल पाहिली.

"तरीच," त्या म्हणाल्या. "कित्येक वर्षं शोधतेय मी."