फुप्फुस मिटते तेव्हा रक्त कुठे जाते?

माझ्या भाच्याचे उजवे फुप्फुस मध्यंतरी अचानक मिटले. उंच, किडकिडीत, विशीतला मुलगा; अशाच तरुणांत हा न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाभोवती हवा शिरून ते मिटणे, जास्त आढळतो. छातीत कळ आली, दम लागू लागला, पण ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन 94 टक्के दिसत होता आणि त्या आकड्यामुळे घरचे निर्धास्त राहिले. एक बाजू जवळपास बंद असताना 94 कसे, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

फुप्फुसाला स्वतःचे स्नायू नसतात. ते लवचीक असते आणि सतत आक्रसू पाहते. त्याच्या भोवतीच्या दोन पातळ आवरणांमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी, साधारण 5 सेंटिमीटर पाण्याइतका कमी असतो, म्हणूनच ते उघडे राहते. फुप्फुसाच्या टोकाशी असलेला एखादा नाजूक फुगवटा फुटून तिथे हवा शिरली, की हा आधार जातो आणि फुप्फुस मिटते.

रक्ताचे वागणे मला याहून विलक्षण वाटते. अन्यत्र ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसात मात्र हवा न मिळालेल्या भागातल्या बारीक रोहिण्या आकुंचन पावतात आणि रक्त उघड्या फुप्फुसाकडे वळते. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर आणि यॉरान लिलिएस्ट्रांड यांनी 1946 साली मांजरांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. भाच्याचे 94 बहुतांशी या वळवावळवीमुळे टिकले होते. अर्थात सगळे रक्त वळत नाही. उरलेले ऑक्सिजन न घेताच डाव्या हृदयात परतते. ही तूट निरोगी फुप्फुस भरून काढू शकत नाही, कारण तिथले हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ पूर्ण भरलेले असते.

खरा धोका त्यापुढे आहे. फाटलेली जागा झडपेसारखी वागून हवा आत घेऊ लागली आणि बाहेर सोडेनाशी झाली, तर वाढत्या दाबाने हृदय व श्वासनलिका दुसऱ्या बाजूला ढकलली जातात, मोठ्या शिरा दाबल्या जातात, हृदयाकडे रक्त परतत नाही आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी डॉक्टर एक्स-रेची वाट न पाहता छातीत सुई घालून हवा सोडतात. म्हणून नुसत्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. नाडीचा वेग आणि रक्तदाब तितक्याच काळजीने पाहावा.

भाच्याच्या छातीत नळी घातली होती आणि तिचे टोक बाटलीतल्या पाण्याखाली बुडवले होते, म्हणजे हवा बाहेर पडते पण परत आत जात नाही. तो खोकला की पाण्यात बुडबुडे येत. ते थांबले, एक्स-रेत फुप्फुस पूर्ण उघडलेले दिसले, तेव्हा नळी काढली. धूम्रपानाने हा त्रास उलटण्याची शक्यता वाढते, त्यामुळे सिगारेट बंद. आणि विमानात दाब घटल्याने छातीत अडकलेली हवा प्रसरण पावते, म्हणून डॉक्टरांच्या परवानगीशिवाय विमानप्रवासही नाही.