आटपाट नगराचा चौक

दुपारी जेवण झाल्यावर जरा डोळा लागत होता, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आली. टपावर भोंगा, आत चालकाशिवाय कुणी नाही. आधी सनईचे दोन सूर आणि मग एका बाईंचा गोड पण ठाम आवाज. थकीत घरपट्टी तात्काळ भरून सहकार्य करावे. रिक्षा वळणावर गेली तसा आवाज अर्धा झाला आणि शेवटी नुसतं 'करावे' तेवढं ऐकू आलं. मी झोपेतच म्हणाले, राजानं दवंडी पिटवली.

म्हणाले आणि झोप गेली. कारण दवंडी म्हटलं की मला एकच चौक दिसतो, आणि तो आटपाट नगरातला असतो.

आता आटपाट नगरात चौक आहे, असं कुठल्याच कहाणीत सांगितलेलं नाही. कहाणीला वर्णनाची हौस नसतेच. आटपाट नगर होतं, तिथं एक ब्राह्मण होता, की झालं, गाव वसलं. वेस कुठे, पेठा किती, नदी कुठल्या अंगाला, काही नाही. रानाची गरज पडली की रान येतं, तळं हवं असलं की तळं येतं, काम झालं की दोन्ही नाहीशी. तरी श्रावणात आजी चातुर्मासाचं पुस्तक उघडून बसली की पहिल्याच वाक्याला माझ्यासमोर चौक उभा राहायचा. तो साताऱ्याचा मोती चौक असायचा, पेढ्यांच्या दुकानांसकट. दुसरा चौक मी पाहिलेलाच नव्हता तेव्हा.

उजव्या मुठीत अक्षता घेऊन बसायचं. मूठ सैल झाली की आजी पुस्तकावरची नजर न काढता मनगटावर टिचकी मारायची. पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होईतो तांदूळ घामानं ओले झालेले असायचे आणि कुंकवाचा रंग तळहाताला लागलेला असायचा. समोर भिंतीला जिवतीचा कागद. त्यात खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. एरवी मी त्या वाघाकडेच बघायचे, पण बुधवारची कहाणी लागली की हत्ती जिंकायचा.

त्या कहाणीत नगरीचा राजा मरतो, गादीला वारस नसतो. मग हत्तिणीच्या सोंडेत माळ देऊन तिला गावभर फिरवतात. ती ज्याच्या गळ्यात माळ घालील तो राजा. माझी हत्तीण राजवाड्यापासून निघायची, गोल बागेला वळसा घालायची आणि राजपथानं, म्हणजे आमच्या वरच्या रस्त्यानं, मोती चौकाकडे यायची. दुतर्फा माणसं. पायऱ्यांवर, कट्ट्यांवर, वाड्यांच्या खिडक्यांत माणसं. मला काळजी एकच असायची. खरपूस खव्याचा तो वास नाकाशी आल्यावर, सोंडेत माळ आहे म्हणून, हत्तीण कंदी पेढ्यांची परात सोडून पुढे जाईल कशी? आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, 'देवाची हत्तीण आहे ती, पेढे खात नाही.' हे काही मला पटलं नाही. आमच्या घरातले सगळे देव पेढे खात होते.

तर हत्तीण एका फाटक्या माणसाच्या गळ्यात माळ घालते. आणि गावकरी काय करतात? त्याला हाकलून देतात. पुन्हा हत्तीण फिरवतात, ती पुन्हा त्याच्याच गळ्यात माळ घालते. मग नाइलाजानं राज्याभिषेक. नियम ह्यांनीच ठरवायचा, हत्तीण ह्यांनीच आणायची आणि निकाल लागला की म्हणायचं, हा नको बुवा, हत्तिणीची काहीतरी चूक झाली असेल. आटपाट नगर खरंच कुठेतरी असावं असं मला ह्या एका प्रसंगामुळे वाटतं. बाकीचे चमत्कार कुणालाही सुचतील.

पुढे शाळेत इतिहास आला तेव्हा कळलं, की वारस नसण्याची वेळ आमच्या साताऱ्यावर खरोखरच आली होती. ज्या प्रतापसिंह महाराजांनी १८२४ साली राजवाडा बांधला, त्यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं. भाऊ आप्पासाहेब गादीवर बसले. १८४८ मध्ये तेही गेले, पोटी मूल नव्हतं. दत्तक घेतलेला होता, पण लॉर्ड डलहौसीनं तो नामंजूर केला आणि राज्य खालसा. हे सगळं पाच मार्कांच्या उत्तरासाठी पाठ करताना माझी हत्तीण सोंडेत माळ घेऊन राजवाड्याच्या दारात उगाच ताटकळत उभी राहिलेली मला दिसायची. तिला कुणी निरोप दिला नव्हता.

असो. मूळ मुद्दा चौकाचा.

परवा भाचा आला होता. त्याच्या फोनवर एक खेळ आहे, त्यात अख्खं काल्पनिक नगर आहे आणि मधोमध मोठा चौक. मला म्हणाला, 'मावशी, तुला दाखवतो, असला चौक तू बघितला नसशील.' नव्हताच बघितला. मध्ये संगमरवरी कारंजं, चार बाजूंना चार कमानी, निळ्या छपरांची दुकानं, एक लोहार, एक वैदू, एक म्हातारा जादूगार. गर्दीही चांगली होती. पण मला काहीतरी खटकत होतं, आणि मग लक्षात आलं की इतकी माणसं असून तिथे कुणी नुसतं उभं नाही. म्हणजे काही काम नाही, कुणाची वाट बघायची नाही, तरी खांद्यावर पंचा टाकून उभा आहे, असा माणूस त्या चौकात नव्हता. कारंज्यावर घागर घेऊन कुणी आलेलं नव्हतं. शेण नव्हतं. तिकटीला उतरून ठेवलेला दहीभात नव्हता, गुलाल लावलेलं लिंबू नव्हतं. आम्ही शाळेत जाताना तसलं काही दिसलं की श्वास धरून, डावीकडून, पाय उंच टाकत जायचो. चौकात पाऊल टाकताना खाली बघायची सवय मला तिथून लागली आणि ती अजून गेलेली नाही. मॉलमध्येसुद्धा मी खाली बघून चालते. भाच्याच्या चौकात खाली बघण्यासारखं काही नाही, नुसती फरशी.

मी म्हटलं, 'ह्या लोहाराशी बोल की.' त्यानं बोट लावलं. लोहार म्हणाला, तलवार हवी का? पुन्हा बोट लावलं. तलवार हवी का? भाचा म्हणाला, 'ते तेवढंच बोलतात गं, त्यांना एकच वाक्य दिलेलं असतं.'

मला हसू आलं ते भाच्याला कळलं नाही. आजीच्या नगरातली माणसंही तशीच की. रानात कुणी भेटलं की विचारायचं, बायांनो, कसला वसा वसता? त्यांनी म्हणायचं, तुला वसा कशाला, उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील. त्यावर ठरलेलं उत्तर, उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकीत नाही. दर आठवड्याला तेच आणि तसंच. एखाद्या बाईनं कधी चुकूनसुद्धा म्हटलं नाही की, बघू, जमलं तर करीन. आणि तरीही मला त्या बायका कधी खोट्या वाटल्या नाहीत. ह्याचं कारण शोधायला मी बसले होते खरी, पण भाच्याला भूक लागली आणि थालीपीठ लावण्यात ते राहून गेलं.

मोती चौकात आता उभं राहायला जागा नाही. मागच्या वेळी गेले तेव्हा पेढे घेऊन वळेपर्यंत तीन दुचाक्यांनी मला तीन दिशांना सरकवलं. गर्दी सगळी राजवाड्यासमोर, चौपाटीवर. समुद्र नसला म्हणून आमचं काही अडलेलं नाही. भेळ आहे, पावभाजी आहे, वर अजिंक्यतारा आहे. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मला सोमवारची कहाणी आठवत होती, खुलभर दुधाची. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा असतो. दवंडी होते, गावातल्या सगळ्यांनी घरचं सगळं दूध देवळात आणावं. लोक धाकानं आणतात. वासरांना ठेवत नाहीत, लेकरांना देत नाहीत. गाभारा काही भरत नाही. मग दुपारी एक म्हातारी घरच्या मुलाबाळांना खाऊ घालून, गाईवासरांना चारा घालून, उरलेलं खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा काठोकाठ भरतो. म्हातारीचं सगळ्यांना आठवतं. मला तिच्या आधीची सकाळ दिसते. घागरी, चरव्या, तांबे घेऊन चौकातून देवळाकडे निघालेली रांग, आणि मागे घराघरांतून रडणारी पोरं. त्या चौकात त्या दिवशी आवाज केवढा असेल! कहाणीत तो एका ओळीत संपतो.

बोलता बोलता शेजारच्या खुर्चीवरच्या काकांनी समोर बोट दाखवलं. 'बाबासाहेबांची शाळा इथेच होती, माहीत आहे ना?' माहीत होतं. साताऱ्यात कुणाला माहीत नसतं? राज्य गेल्यावर राजवाड्यात कोर्ट आलं, शाळा आली. ७ नोव्हेंबर १९०० ला सुभेदार रामजींचा मुलगा त्या शाळेत पहिल्या इयत्तेत दाखल झाला. रजिस्टरात १९१४ क्रमांकाला नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भिवाला वर्गात कोपऱ्यात, घरून आणलेल्या तरटावर वेगळं बसावं लागे. तहान लागली तर नळाला त्यानं हात लावायचा नाही, शिपाई येऊन तोटी सोडणार. शिपाई नसला तर पाणी नाही. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. साताऱ्याचे न्हावी केस कापायला तयार नसत म्हणून थोरली बहीण घरी कापायची, तेही.

त्यांची वाट कुठली होती कोण जाणे. पण शाळा राजवाड्यात, म्हणजे माझी हत्तीण जिथून निघायची तिथेच तो रोज येत होता.

दवंडी सगळ्या गावाला होती. राजानं कुणाला वगळल्याचं कहाणीत नाही. सुभेदारांच्या घरून एखादी बाई गडूभर दूध घेऊन निघाली असती, तर तिला चौक ओलांडून गाभाऱ्यापर्यंत जाऊ दिलं असतं का, हेही कहाणीत नाही.