आमची वाटचाल : तुटलेलं पातं कुणाच्या माथी?

रत्नागिरीत आमच्या फर्मने सुरुवात केली ती मच्छीमार बोटींची इंजिनं, गिअरबॉक्स आणि विंच तपासण्यापासून. काय तुटलं, कशामुळे तुटलं, एवढाच लेखी अहवाल द्यायचा. 20 जुलै 2020 ला ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधलं सहावं प्रकरण लागू झालं आणि कामाची दिशाच बदलली. सदोष वस्तूने माणसाला इजा झाली तर उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांनी कधी भरपाई द्यायची, हे कलम 82 ते 87 मध्ये वेगवेगळं मांडलेलं आहे. आता आमच्याकडे बोटींपेक्षा ग्रासकटर जास्त येतात, त्याखालोखाल प्रेशर कुकर. अहवाल आम्ही जखमी माणसालाही देतो आणि दुकानदारालाही, मात्र एकाच प्रकरणात दोघांना नाही. वकील आमच्यात भागीदार नाहीत. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला बिगरवकिलाबरोबर फी वाटून घेता येत नाही, त्यामुळे दावा पक्षकाराच्या वकिलाचा आणि तपासणी आमची.

आंब्याच्या कलमांच्या बागेत पावसाळ्याअखेर गवत काढताना ग्रासकटरचं पातं जांभ्या दगडावर आपटतं, तुकडा उडतो आणि नडगीत किंवा डोळ्यात जातो. पातं का तुटलं, याची उत्तरं मोजकीच आहेत. पातं धरणाऱ्या नटाचे आटे उलटे असतात. माहीत नसलेला माणूस तो घट्ट करतोय असं समजून सैल करतो. नटातली पकड झिजून तो हाताने सहज फिरू लागला, की नट बदलायलाच हवा, पण बदलतो कोण? गवत कापणाऱ्या नायलॉन दोरीचं डोकं काढून लोखंडी पातं बसवलं जातं आणि गार्ड मात्र दोरीचंच राहतं. पात्याला वेल्डिंग केलेलं असतं, किंवा पातं मूळ कंपनीचं नसून जास्त कडक, म्हणून ठिसूळ असतं. ते कडकपणा मोजून कळतं.

खरा निकाल तुटलेल्या कडेवर लिहिलेला असतो. कडेचा काही भाग तपकिरी, गंजलेला आणि उरलेला चकचकीत असेल, तर भेग जुनी होती. ती मध्याच्या भोकाजवळ किंवा दात्याच्या बेचक्यात सुरू झालेली दिसली, की कारखान्यातला दोष, आधीचे दगडाचे मार आणि बसवणी या तिन्ही शक्यता तपासाव्या लागतात. सगळी कड चकचकीत असेल तर एकाच जोरदार धक्क्याने तुटलं. पण आपल्या दमट, खाऱ्या हवेत ही चकाकी टिकत नाही. म्हणून पहिला फोन आला की आम्ही तेच सांगतो: तुकडे एकमेकांना जुळवून बघू नका, पुसू नका, तेल-रॉकेल लावू नका. कोरड्या पिशवीत सिलिका जेलसकट ठेवा, आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. नट, वॉशर, गार्ड, मॅन्युअल, बिल आणि खोकाही ठेवा. मशीन दुरुस्तीला दिलं, की अर्धा दावा तिथेच गेला.

उत्पादकाचा नेहमीचा बचाव म्हणजे ‘खाऱ्या हवेने गंजलं’. आम्हाला तो फारसा पटत नाही. रत्नागिरीत डीलर नेमून माल विकणाऱ्याला समुद्र कुठे आहे हे ठाऊक असतं. त्यावर त्याने सूचना दिली होती का, हे बघावं लागतं, कारण वापराच्या पुरेशा सूचना नसणं हेही कलम 84 खाली जबाबदारीचं कारण आहे. डीलरच्या बाजूने कलम 87 मधला बचाव मात्र भक्कम आहे: इजेच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केला असेल, तर विक्रेत्यावर दावा टिकत नाही. धोका उघड आणि सर्वांना माहीत असलेला असेल, तर सूचना दिली नाही म्हणून उत्पादकाला धरता येत नाही. पण फिरत्या पात्याने पाय कापतो हे सर्वांना माहीत असलं, तरी नट उलटा फिरतो हे माहीत नसतं.

इथल्या दुकानदारांना सर्वांत जास्त भोवतं ते कलम 86. बिलावर नुसतं ‘ग्रासकटर 1 नग’ आणि उत्पादक कोण हे कुणालाच ठाऊक नाही, अशा वेळी विक्रेताच जबाबदार धरला जाऊ शकतो. दुकानात जोडणी करून दिली असेल तर जोडणीतली काळजीही त्याचीच. बिलावर कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि कोणतं पातं दिलं, हे लिहिणं आणि सूचनापत्रकावर सही घेणं, एवढ्यावर निम्मी भांडणं मिटतात. नोटीस आली की त्याच दिवशी उत्पादकाला आणि विमा असेल तर विमा कंपनीला कळवावं. ग्राहक आयोगाची नोटीस मिळाल्यावर उत्तराला 30 दिवस, फार तर आणखी 15.

बागायतदाराच्या गड्याला इजा झाली तर ‘मशीन व्यापारी वापरासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ हा मुद्दा हमखास निघतो. स्वतःच्या मशीनने मजुरीवर गवत काढून पोट भरणारा माणूस मात्र स्वयंरोजगाराच्या अपवादात बसू शकतो, तसं शपथपत्रात स्पष्ट लिहावं. तक्रारीची मुदत दोन वर्षं. ती रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या जिल्हा आयोगात, म्हणजे तक्रारदार राहतो तिथे करता येते. कोणत्या पातळीच्या आयोगाकडे जायचं, ते वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. ही किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मशीनची स्वतःची किंमत ‘हानी’त धरत नाहीत, ती सदोष मालाची तक्रार म्हणून वेगळी मागावी लागते.

कुकरचं काम सोपं. 1 फेब्रुवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तेव्हा आधी त्यावरचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासायचा, मग सुरक्षा व्हॉल्व्ह मूळचा आहे की बाजारातला, ते बघायचं.

गॅस गिझरची प्रकरणं आम्ही घेत नाही. बंद न्हाणीघरातल्या कार्बन मोनॉक्साइडची मोजणी करण्याची साधनं आमच्याकडे नाहीत. ते काम आयोगाने नेमलेल्या प्रयोगशाळेकडेच जावं, असंच पक्षकाराला सांगतो.