मांडीतली पाण्याची गाठ

सुई ट्रेमध्ये काढून ठेवलेली होती. चिठ्ठीवर ‘कोल्ड अ‍ॅबसेस, पू काढावा’. मांडीच्या आतल्या अंगाला नारळाएवढी गाठ, पण ताप नाही, वजन घटलेलं नाही, कातडी थंड. टीबीचं गळू दोन वर्षं असं गुमान बसत नाही. आधी सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. पडद्यावर दुपदरी भिंत आणि आत द्राक्षांसारखे फुगे. सुई तशीच परत पाठवली.

“मावशी, घरी कुत्री किती?”

“चार. मेंढरामागं असत्यात. पण गाठीचं नि कुत्र्याचं काय?”

हायडॅटिड, पट्टकृमीची पाण्याची गाठ. जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि त्याची अंडी हातावाटे, पाण्यावाटे आपल्या पोटात जातात. त्यांतून निघणाऱ्या अळ्या बहुतेक यकृतात किंवा फुप्फुसात अडकतात. ही दोन्ही गाळणी ओलांडून एखादीच स्नायूत पोचते. रक्ततपासणी निगेटिव्ह आली. स्नायूतल्या गाठीत ती अनेकदा फसवते. एमआरआयकडून मला एवढंच हवं होतं, की हाड शाबूत आहे का. हाडात या गाठीभोवती कवच धरत नाही. ती जाळीदार हाडातून वाट काढत पसरते आणि मग ट्यूमरसारखं हाडच कापावं लागतं. इथे हाड सुटलं होतं. यकृत आणि छातीही स्वच्छ.

चार आठवडे जंतनाशक अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तेलतूप असलेल्या जेवणासोबत. उपाशीपोटी ते नीट शोषलं जात नाही. दर पंधरा दिवसांनी लिव्हरची तपासणी आणि पेशींची मोजणी.

ऑपरेशनच्या दिवशी भूलतज्ज्ञांनी अ‍ॅड्रिनलिन भरूनच ठेवलं होतं, कारण आतलं पाणी सांडलं तर अ‍ॅलर्जीने रक्तदाब क्षणात कोसळू शकतो. जखमेभोवती अळ्या मारणाऱ्या २० टक्के सलाइनमध्ये, म्हणजे खारट मिठाच्या पाण्यात, भिजवलेले कापडी मॉप रचले. गाठ भोवतीच्या स्नायूच्या पातळ थरासकट सोडवत गेलो. मांडीतल्या मोठ्या फेमोरल शिरेपाशी हा थर संपला, आणि तिथेच टाचणीएवढं भोक पडून स्वच्छ पाण्याची चिळकांडी उडाली. सक्शन लगेच लावलं, भोकावर क्लॅम्प, गाठ बाहेर, मग त्या जागेत तेच सलाइन घालून घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबलो. थांबणं जिवावर येतं, पण पाच मिनिटांत धुऊन टाकण्यात अर्थ नाही. नंतर साध्या सलाइनने धुतलं आणि सोडियम तपासलं, कारण एवढं मीठ रक्तातही उतरतं. रक्तदाब हलला नाही.

बाजूच्या टेबलावर गाठ चिरली. आतला पापुद्रा शहाळ्यातल्या मलईसारखा: पांढरा, लवचिक, कापला की कडा आत गुंडाळणारा. त्यात वाटाण्यापासून लिंबाएवढ्या पिल्लू-गाठी. स्लाइडवर अळ्यांचे बारीक आकडे (हुक) दिसले.

गोळ्या अजून तीन महिने. मेंढरू कापलं की पाण्याचे फोड आलेली कलेजी कुत्र्यांपुढे टाकतात, हे मुलानेच सांगितलं. ती पुरायला सांगितली, कुत्र्यांना जंतांसाठी प्रॅझिक्वांटेल लिहून दिलं. मग त्यालाही टेबलावर झोपवून प्रोब टेकवला. यकृताच्या उजव्या भागात चार सेंटिमीटरची, तशीच दुपदरी.