मल्टिक्लास: आमच्या टेबलवरचे नियम

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकात, मल्टिक्लास (एकाच पात्राने एकाहून जास्त क्लास, म्हणजे पेशे, घेणं) ऐच्छिक आहे. डीएम (खेळ चालवणारा) हो म्हणाला तरच लागू. सोलापुरात रविवारच्या चार तासांत टेबलावर वाद घालत बसायला कुणाला वेळ नसतो, म्हणून बरेच जण सरळ बंदी घालतात. मला ते पटत नाही. मोजके नियम आधीच ठरवले की काम भागतं.

पहिला नियम: एक क्लास लेव्हल ५ पर्यंत न्यायचा, मगच दुसरा. हा डीएमसाठी नाही, खेळाडूच्या भल्यासाठी आहे. पाचव्या लेव्हलला फायटरला (योद्धा) दुसरा वार मिळतो, विझर्डला (जादूगार) फायरबॉल हा मंत्र. डेक्स्टेरिटी (चपळाई) +४ असलेला फायटर रेपियर तलवारीने (आठ बाजूंचा फासा + ४) एका वाराला सरासरी ८.५ मारतो, दोन्ही लागले तर १७. त्याच पात्राने फायटर ४ / रोग (चोर) १ केलं तर एकच वार आणि स्नीक अटॅकचा (रोगचा जादा मार) एक डी६ (सहा बाजूंचा फासा), म्हणजे १२. बाकीची पार्टी पुढे निघून जाते, हा मागे राहतो आणि दोन महिन्यांनी नवीन पात्र मागतो.

क्लास बदलताना आणखी एक गोष्ट सगळे विसरतात. विझर्ड मागाहून फायटर झाला तर मध्यम चिलखत आणि ढाल मिळते, जड चिलखत नाही. ते फायटर पहिला असेल तरच. सेव्हिंग थ्रोचंही (धोका टाळायला टाकायचा फासा) तसंच, त्यातलं प्रावीण्य फक्त पहिल्या क्लासचं. १३ ची अट (क्लासचा मुख्य गुण किमान १३ हवा) जुन्या आणि नव्या, दोन्ही क्लासना लागते. तिला आम्ही हात लावत नाही.

मात्र अ‍ॅबिलिटी स्कोअरच्या (ताकद, चपळाई असे पात्राचे गुण) वाढीला हात लावला. पुस्तकात ती क्लासच्या लेव्हलवर आहे, त्यामुळे फायटर ५ / रोग ३ आठव्या लेव्हललाही एकाच वाढीवर अडकतो. आमच्याकडे एकूण लेव्हल ४, ८, १२, १६, १९ ला वाढ. फायटरची ६ आणि १४ ची, रोगची १० ची जादा वाढ मात्र त्या क्लासमध्ये तितक्या लेव्हल झाल्यावरच.

सर्वात जास्त गोंधळ स्लॉटचा, म्हणजे मंत्र टाकायच्या मोजक्या संधींचा. पॅलाडिन (पवित्र योद्धा) ६ / सॉर्सरर (उपजत जादूगार) ३ घ्या. पॅलाडिनचे निम्मे ३, सॉर्सररचे पूर्ण ३, बेरीज ६. तक्त्यात सहाव्या ओळीवर पहिल्या पातळीचे ४, दुसरीचे ३, तिसरीचे ३ स्लॉट. लगेच तिसऱ्या पातळीचा फायरबॉल लिहिला जातो. चूक! मंत्र प्रत्येक क्लासचे वेगळे मोजायचे, आणि इथे दोन्हीकडे दुसऱ्या पातळीपर्यंतचेच येतात. तिसऱ्या पातळीचा स्लॉट खालचा मंत्र वाढवायला किंवा ४डी८ च्या (आठ बाजूंचे चार फासे) डिव्हाइन स्माइटला (पॅलाडिनचा दैवी वार) वापरायचा. तेही कमी नाही.

वॉरलॉकचे (करार करून जादू मिळवणारा) पॅक्ट स्लॉट या बेरजेत येत नाहीत. ते मोडून सॉर्सरी पॉइंट (सॉर्सररचा जादूसाठा, त्यातून नवे स्लॉट बनतात) करणं आम्ही बंदच केलंय. तासाभराच्या विश्रांतीत ते भरतात, झोप टाळली की साठा वाढतच जातो आणि बाकीच्यांची मजा जाते.

एका लेव्हलचा वॉरलॉक हीच खरी डोकेदुखी. हेक्सब्लेड हा वॉरलॉकचा सब-क्लास (क्लासची उपशाखा) पहिल्याच लेव्हलला करिष्म्यावर (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा गुण) शस्त्र चालवू देतो, वर मध्यम चिलखत आणि ढाल. पॅलाडिनला एवढं स्वस्तात मिळालं की स्ट्रेंग्थ (ताकद) कोण वाढवेल? २०२४ च्या पुस्तकात सब-क्लास तिसऱ्या लेव्हलवर गेले, पण करिष्म्याची तीच सवलत देणारा पॅक्ट ऑफ द ब्लेड पहिल्याच लेव्हलला मिळतो, म्हणजे वाट उघडीच. आमचा नियम: दुसऱ्या क्लासमधून आलेल्याला ही करिष्म्याची सवलत वॉरलॉक लेव्हल ३ ला.

नवा क्लास घेण्याचं कथेतलं कारण एक लेव्हल आधी सांगायचं. मोहीम सोलापुरावर बेतली असेल तर जागा शोधाव्या लागत नाहीत. क्लेरिक (देवाचा पुजारी) व्हायचंय? सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालू दे. वॉरलॉकचा करार भुईकोट किल्ल्याच्या खंदकाशी होऊ दे.

पात्राच्या शीटवर हिट डाइस (विश्रांतीत जखमा भरायचे फासे) क्लासप्रमाणे वेगळे लिहा: वरच्या पॅलाडिन ६ / सॉर्सरर ३ साठी ६डी१०, ३डी६. बेरीज करून ९ लिहिलं की छोट्या विश्रांतीत कुठला फासा टाकायचा यावरून हमखास अडतं.