कोरडा गोल

फिफा स्ट्रीट या गल्ली-फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये सगळ्यात कमी किमतीची गोष्ट कोणती असेल, तर साधा गोल. चेंडू मिळाला, समोर जागा दिसली, मारला, गेला आत. गुणफलकावर एक चढतो खरा, पण खोलीत कोणी हूं की चूं करत नाही. माझा भाचा अशा गोलाला 'कोरडा' म्हणतो. "मामा, दोघं होते की समोर! एखाद्याला नाचवायचंस तरी." गोल केल्याबद्दल बोलणी खावी लागणारा दुसरा खेळ माझ्या माहितीत नाही.

पहिला फिफा स्ट्रीट आला २००५ साली, प्लेस्टेशन टू वगैरेंवर. ईए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीच्या कॅनडातल्या स्टुडिओने बनवलेला. एका बाजूला चौघं, त्यातला एक गोलकीपर. थ्रो-इन नाही, कारण चेंडू बाहेर जायला बाहेर असं काही नाहीच. भिंतीवर आपटून तो परत येतो, आणि शहाणा खेळाडू भिंतीलाच पास देतो. ऑफसाइड नाही. शिट्टी फुंकणारा तर दूरदूरपर्यंत नाही. मुखपृष्ठावर बार्सिलोनाचा ब्राझिलियन जादूगार रोनाल्डिन्हो होता. दुसऱ्या कुणाला तिथे उभं करणं अन्यायच झाला असता. त्याच वर्षी नोव्हेंबरात बार्सिलोनाने रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ३-० हरवलं. रोनाल्डिन्होने त्यातले दोन गोल केले आणि माद्रिदचे प्रेक्षक उठून शत्रूसाठी टाळ्या वाजवू लागले. त्या टाळ्या काही फक्त गोलांसाठी नव्हत्या. ज्या ऐटीत तो बचावपटूंच्या मधून निघून गेला, त्या ऐटीसाठी होत्या.

हा खेळ नेमकी तीच ऐट मोजतो. तुम्ही समोरच्याला हुलकावणी दिलीत, चेंडू डोक्यावरून काढलात, टाचेने उडवलात, की गेमब्रेकर नावाची एक पट्टी थोडी थोडी भरत जाते. पूर्ण भरली की असा फटका मारता येतो, जो अडवताना गोलकीपरच्या नाकी नऊ येतात. म्हणजे नखरा ही इथली कमाई आणि गोल हा खर्च. जेवण दुय्यम, ताटाभोवतीच्या रांगोळीला गुण.

आमची सगळी जडणघडण याच्या उलट. शाळेच्या मैदानावर मी एकदा टाचेने पास दिला, तर सरांनी बाहेर बोलावून विचारलं, "सर्कशीत जायचंय का?" पास दे, मोकळा हो, परत घे, हाच मंत्र. नखरे हा शब्द आमच्याकडे स्तुतीसाठी कधी वापरलाच गेला नाही. त्यामुळे त्या काळी ताशी भाडं भरून पार्लरमध्ये हा खेळ खेळताना एक चोरटी मजा यायची. सर आता येऊन बघतात की काय, असं वाटायचं.

एक तक्रार मात्र आहे. या खेळातले रस्ते फार मोकळे आहेत. रिओ आहे, लंडन आहे, भिंतींवर झक्क चित्रं आहेत. पण एकही लावलेली स्कूटर नाही, उघडं गटार नाही, चेंडू जप्त करून दार लावून घेणाऱ्या काकू नाहीत. ईएच्या नकाशात कोल्हापूरच्या पेठाही नाहीत. ते अपेक्षितच, पण तिथल्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक आहे, की कुणी दोन पायांमधून चेंडू काढला की गॅलरीतून जो हुर्यो उठतो, तो कोणत्याही गेमब्रेकरच्या पट्टीत मावणार नाही.

२००८च्या तिसऱ्या भागात खेळाडूंची चक्क अर्कचित्रं करून टाकली होती. उंच पीटर क्राउच आणखी उंच, रागीट गात्तुसो आणखी रागीट. तो भाग मला फारसा रुचला नाही. २०१२चा, ज्याच्या मुखपृष्ठावर मेस्सी आहे, तो मात्र खरा खजिना. त्यात पन्नाचे नियम आहेत. समोरच्याच्या दोन पायांमधून चेंडू काढणं म्हणजे पन्ना. ॲमस्टरडॅमच्या पोरांमध्ये गोल खाल्ल्यापेक्षा पन्ना खाल्ल्याची लाज जास्त, आणि एकास एक खेळात तर पन्ना बसला की तिथेच सामना खलास, असाही रिवाज आहे. खेळात पन्नाचे, हुलकावण्यांचे गुण साठत जातात. पण ते पदरात पडतात गोल केल्यावरच. त्याआधी समोरच्याने गोल मारला, की तुमचा साठा शून्य. हावरटाला धडा शिकवायची ही पद्धत मला भलतीच आवडली.

त्याहून अफलातून प्रकार म्हणजे लास्ट मॅन स्टँडिंग. तुम्ही गोल केलात की तुमचाच एक खेळाडू बाहेर जातो. पुन्हा केलात, आणखी एक गेला. ज्याचे सगळे आधी संपतील तो जिंकला. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याने नक्की कुठेतरी चांगली नोकरी केलेली असणार. काम उत्तम केलंत? मग आता तेच काम तिघांत करा. तेही जमलं? दोघांत करा. शेवटी एकटा जीव चौघांच्या मध्ये चेंडू घेऊन उभा, आणि विजयापासून तोच सगळ्यात जवळ.

त्यानंतर स्वतंत्र फिफा स्ट्रीट निघाला नाही. २०१९च्या फिफा २०मध्ये व्होल्टा नावाने त्याला एक खोली मिळाली. पुढे फिफा हे नाव सोडून एफसी झालेल्या याच मालिकेच्या एफसी २५मध्ये तीही गेली आणि रश नावाचा दुसरा प्रकार आला. भाचा नवे सगळे खेळतो, पण सुट्टीत माझ्याकडे आला की जुनं प्लेस्टेशन थ्री बाहेर काढायला लावतो.

त्याचं कारण एक बटण. २०१२च्या भागात एल-टू दाबून धरलं, की खेळाडू जागच्या जागी थांबतो आणि चेंडू नुसता पायाशी खेळवत राहतो. इतक्या धावपळीच्या खेळात सगळ्यात भारी बटण थांबायचं! समोरच्याला चेंडू अगदी हाताशी आल्यासारखा वाटतो, तो झेपावतो, आणि तेवढ्यात आपण बाजूने निघून जातो. जो आधी झेपावला तो फसला. भाचा यात तरबेज आहे. काल तो मागे होता, सामन्याची शेवटची काही सेकंदं उरली होती, तरी पठ्ठ्या एल-टू दाबून माझ्यासमोर चेंडू घोळवत उभा.

"मामा, ये की अंगावर," तो डिवचतो.

मी कशाला जातोय? घाई त्याला आहे.