तिसरं मत

"सर, दुसरं मशीन चालू आहे ना? मग पोर्टल बंद का?"

लॅबमधल्या काकांनी हे विचारलं तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते आणि कॉलेजच्या पोर्टलवर प्रवेश अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. रात्री सांगलीत वळवाचा पाऊस झाला, वीज दोन-तीनदा गेली-आली आणि पहाटे कधीतरी पहिल्या सर्व्हरच्या यूपीएसने दम तोडला.

काकांचा प्रश्न बरोबर होता. कॉलेजात आमचे दोन सर्व्हर, दोन्हींवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनमध्ये अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली), दोघांचा एक क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणारा गट. पोर्टलच्या व्हीएमची डिस्क दर 15 मिनिटांनी दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी होत होती. म्हणजे डेटा तिथे होता, रॅम होती, सगळं होतं. तरी व्हीएम तिकडे उभं राहीना.

अडलं होतं ते मतावर. क्लस्टरमध्ये प्रत्येक सर्व्हरला एक मत असतं आणि काही बदलायचं तर निम्म्याहून जास्त मतं लागतात. दोनांतलं एक म्हणजे नेमकं निम्मं. उरलेल्या सर्व्हरला कळायला मार्गच नाही की जोडीदार बंद पडलाय की मधली केबल निघालीय. जोडीदार जिवंत असताना यानेही तेच व्हीएम चालू केलं, तर एकाच आयपीवर दोन पोर्टल, अर्धे अर्ज इकडे, अर्धे तिकडे. म्हणून उरलेला सर्व्हर 'ईटीसी-पीव्हीई' फोल्डर फक्त वाचण्यापुरता ठेवतो. व्हीएमच्या कॉन्फिग फायली (त्याच्या सेटिंग्जच्या नोंदी) तिथेच असतात, त्या हलवताच येत नाहीत.

मी काकांना पहिल्या सर्व्हरच्या दोन्ही पॉवर केबल काढायला सांगितल्या. काढल्यावर स्वतः जाऊन पाहिलं. मगच 'पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड 1' ही, एकच मत पुरेसं मान असं सांगणारी, कमांड दिली, कॉन्फिग फाइल दुसऱ्या सर्व्हरच्या फोल्डरात हलवली आणि व्हीएम सुरू केलं. ही कमांड त्या केबल हातात आल्याशिवाय कुणीही देऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

त्याच आठवड्यात स्टोअरमधला एक जुना डेस्कटॉप काढला, त्यावर डेबियन लिनक्स टाकलं आणि क्यूडिव्हाइस, म्हणजे क्लस्टरचं तिसरं मत, म्हणून जोडला. तो एकही व्हीएम चालवत नाही, फक्त मत देतो. त्याला मुद्दाम ऑफिसच्या यूपीएसवर ठेवलाय, कारण सर्व्हरसोबत तोही गेला तर उपयोग काय?

याच गडबडीत आणखी एक गोष्ट दुरुस्त केली. आमच्या व्हीएमचा सीपीयू टाइप 'होस्ट' होता, म्हणजे सर्व्हरचा प्रोसेसर व्हीएमला जसाच्या तसा दिसायचा. नव्या सर्व्हरवरून जुन्यावर लाइव्ह मायग्रेशन केलं, म्हणजे चालू व्हीएम न थांबवता हलवलं, की व्हीएम गोठायचं, कारण नव्या प्रोसेसरच्या ज्या सूचना ते वापरत होतं, त्या जुन्याला येतच नव्हत्या. दोघांना झेपेल असा टाइप निवडला. त्यासाठी प्रत्येक व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. आतून नुसतं रीबूट करून चालत नाही.

पुढच्या रविवारी पोर्टलला एचए (सर्व्हर पडला की व्हीएम आपोआप दुसरीकडे सुरू करणारी सोय) लावलं आणि पहिल्या सर्व्हरच्या केबल पुन्हा काढल्या. स्क्रीनवर तीनपैकी दोन मतं दिसत होती. काका घड्याळ बघत उभे होते. दोनेक मिनिटांनी त्यांच्या मोबाइलवर पोर्टलचं पान उघडलं.